चारी कोपऱ्यांत वाळू

आई, तुझ्या बागेबद्दल लिहायचं आहे. ती मला पुन्हा उभी करता आली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू आशा धरणार नाहीस. तुला जाऊन बरीच वर्षं झाली. बाबांना जाऊनही दोन हिवाळे उलटले, आणि ते घर मागच्या वसंतात विकलं. मी वॉटफर्डच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. खाली कार पार्क. खिडकीत तुझं खुरपं ठेवलं आहे. मी शाळेत शिकवायला लागले आणि हा फ्लॅट घेतला, तेव्हा तू ते मला टॉवेलात गुंडाळून दिलं होतंस. तुझ्या आईचं, रत्नागिरीहून सूटकेसमधून आलेलं. मी हसले होते. म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर खुरपं काय करू?" तू म्हणालीस, "राहू दे. माणसाला कधी जमीन मिळेल सांगता येत नाही." मला जमीन मिळाली. तुझीच मिळाली.

ब्रिस्टलच्या बाहेरचं ते दगडी घर आपण पहिल्यांदा पाहिलं तो जून महिना होता. बाबा घराचं छप्पर पाहत होते, मी युनिव्हर्सिटीतून आलेली, कंटाळलेली, आणि तू बागेत गेलीस ती आलीच नाहीस. घर विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी जन्मभर ती बाग केली होती. वाफे म्हणावेत असं काही नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना फुलं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती, भिंतीला गुलाब, मागे उंच हॉलीहॉक, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पिओनीची वाटीएवढी पांढरी फुलं, आणि पार खाली ओढा. बाईंनी तुला विचारलं, "सांभाळाल ना?" तू इंग्रजीत "येस, येस" म्हणालीस आणि मग मराठीत माझ्याकडे वळून, "हिला सांग, पोटच्या पोरासारखी सांभाळीन." मी फक्त सांभाळण्याचं सांगितलं. बाबांनी त्या दिवशी फोटो काढला. साडी, वर माझं जुनं कार्डिगन, पायात त्या बाईंचे उसने गमबूट, आणि तुझ्या खांद्यापर्यंत फुलं. पुढे हाच फोटो मी नकाशासारखा वापरला. त्यात तुझ्या मागे जे धूसर निळं आहे ते कुठलं फूल होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेरडा तू त्याच वर्षी आणलास. त्याआधी, बाबांच्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये असताना, तू खड्यांच्या गौरी करायचीस. नदी जवळ नव्हती म्हणून कार पार्कमधले खडे. बाबा म्हणायचे, "कन्सल्टंटच्या गाडीखालचे आण, ते लवकर पावतील." पण तुझ्या माहेरी तेरड्याची गौर असायची. मुळासकट उपटून आणलेली रोपं, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. गावात आल्यावर पहिल्याच सप्टेंबरमध्ये तू चर्चजवळच्या पुलावरून चालताना थांबलीस. खाली पाण्याच्या कडेला गुलाबी फुलांची झाडं माणसापेक्षा उंच वाढलेली. "अगं, हा तर आपला तेरडा," तू म्हणालीस. "आपल्याकडे गुडघ्याएवढा असतो. हा बघ केवढा झालाय, इंग्रजांचं खाऊन." फूल जवळजवळ तसंच, शेंगही तशीच, बोट लावताच फुटून बी उडवणारी. तू चिखलात उतरलीस आणि दोन झाडं मुळासकट उपटलीस. इंग्लंडमध्ये आल्यापासून तुला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. तो आपला तेरडा नव्हता. त्याच्या जातीतला, हिमालयातून कुणीतरी शोभेसाठी इथे आणलेला आणि मग हाताबाहेर गेलेला. पण हे मला दहा वर्षांनी लायब्ररीतल्या पुस्तकात कळलं, आणि तेव्हा सांगायला तू नव्हतीस.

मला ते स्वयंपाकघर दिसतं. मागचं दार उघडं आहे, बाहेर पावसाची झिमझिम, माझ्या हातात ओली झाडं, मुळांवरून पाणी ठिबकतंय. मी उंबऱ्याबाहेर उभी आहे आणि तू आत, हळदकुंकवाची वाटी घेऊन. तू विचारतेस, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" मला उत्तर माहीत आहे, पण मी लाजते. मागून बाबा म्हणतात, "गमबुटांच्या." तू म्हणतेस, "अहो, तुम्ही गप्प बसा हो. तिला बोलू दे." मग मी म्हणते, सोन्याच्या पावलांनी, आणि तू मला आत घेतेस. एकेका खोलीत नेऊन विचारतेस, अगदी कोळशाच्या खोलीतसुद्धा. तिसऱ्या दिवशी आपण गौर ओढ्यावर नेली आणि पाण्यात सोडली. पलीकडच्या काठावर राहणारी बाई तिच्या गाढवाला चारा घालत उभी होती. तिने हात हलवला. पुढच्या वर्षीपासून तुला पुलापर्यंत जावं लागलं नाही. तेरडा आपल्याच ओढ्याकाठी उगवला होता.

तू गेलीस त्या हिवाळ्यानंतर बाबांनी बागेकडे पाठ फिरवली. ते रिटायर झाले, रेडिओ लावून खुर्चीत बसायला लागले. मी महिन्यातून एकदा यायची, फ्रीज भरायची, परत जायची. खिडकीतून हिरवं आणि गुलाबी काहीतरी दिसायचं, मला वाटायचं बाग आहे. मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग. ज्या हॉस्पिटलमध्ये आयुष्यभर लोकांना भूल दिली तिथेच ते पेशंट म्हणून गेले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "उपाय नाही. आधी मधलं जाणार, कडेचं थोडी वर्षं राहणार. आता मी लोकांचे कान बघून ओळखत जाईन." गाडीत त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "तुझ्या आईची बाग मी नीट बघितलीच नाही कधी. फोटो काढला तेवढीच." डॉक्टरांनी त्यांना दोन-तीन वर्षं दिली होती. अंधाराची नव्हे, उजेडाची. मी ठरवलं की तेवढ्या वेळात ती बाग, फोटोत आहे तशी, एका जूनपुरती का होईना, त्यांच्यासमोर उभी करायची. मी कधी कुंडीसुद्धा जगवली नव्हती. पण मला वाटलं, पुस्तकं वाचून जे येत नाही असं काय असतं.

मी दर शुक्रवारी शाळा सुटली की गाडी काढून एम-फोर मोटरवेने घरी जायला लागले. पहिल्या एप्रिलमध्ये बागेत सगळीकडे रोपं उगवली. जाड देठांची, गोल पानांची, दाट, सुदृढ. मला इतका आनंद झाला की मी बाबांना हात धरून बाहेर आणलं. म्हटलं, "बघा, जुनी फुलं परत येतायत. बी जमिनीत होतंच." ते तिरकी मान करून, डोळ्याच्या कडेने पाहायचा प्रयत्न करत होते. "हिरवं आहे," म्हणाले. "हिरवं असेल तर ठीकच असणार." मी त्या रोपांभोवतीचं बाकी सगळं उपटलं. त्यांना पाणी घातलं, गोगलगायींपासून जपलं. जुलैमध्ये ती माझ्या डोक्यावर गेली आणि त्यांना गुलाबी फुलं आली. संपूर्ण बाग तेरड्याने भरली होती. भिंतीपासून ओढ्यापर्यंत. खाली दुसरं काही जिवंत दिसत नव्हतं. हॉलीहॉक नाही, ते निळं नाही. मी ज्याला तण म्हणून उपटलं त्यात काय काय गेलं असेल, तेही आता कळायला मार्ग नव्हता. एक वर्ष गेलं. बाबांच्या तीन वर्षांतलं एक.

दुसऱ्या वर्षी मी उपटायला लागले. ते झाड उपटायला सोपं आहे, हे त्याचं सगळ्यात वाईट लक्षण. मुळं वरवर असतात, लालसर, बोटांसारखी पसरलेली. हलक्या हाताने ओढलं की मुळासकट येतं. तू याच मुळांना हळदकुंकू लावायचीस. मी ती ढिगात टाकत होते. शनिवारी सकाळी एक पट्टा साफ करायचा आणि पुढच्या शनिवारी यायचं तर तो पुन्हा हिरवा. खुरपं हातात घेऊन मी गुडघ्यांवर बसलेली, गुडघ्यांखाली कोळशाचं रिकामं पोतं, आणि बाबा दारात. ते विचारायचे, "आज किती गेले?" मी म्हणायची, "बरेच." ते म्हणायचे, "आमच्याकडे असं झालं असतं तर मला काढून टाकलं असतं. पेशंट टेबलावरून पुन्हा पुन्हा उठतोय." मी हसायची नाही. तेही पुढे हसेनासे झाले.

ओढ्यापलीकडच्या बाईंकडे एकदा गेले. त्यांच्या काठावर तेरडा आपल्यापेक्षाही दाट होता. पिकल्या शेंगा फुटून बी सरळ ओढा ओलांडून आपल्याकडे येत होतं. मी विनंती केली की तुमच्याकडचाही काढू या, मी स्वतः येऊन काढते. त्या गाढवाच्या मानेवर हात ठेवून उभ्या. "अगं माय लव्ह," त्या म्हणाल्या, "हा तुमच्याकडूनच आलाय ना. तुझी आई सुंदर कपडे घालून यायची आणि पाण्यात फुलं सोडायची. आम्ही खिडकीतून बघायचो. दुसऱ्या वर्षी इकडे उगवला." मग म्हणाल्या, "मधमाश्यांना आवडतो. मलाही आवडतो. या वयात मला कुणी गुलाबी काही देत नाही."  तुझी गौर पाण्यातून त्यांच्याकडे गेली होती आणि आता दर वर्षी हवेतून परत येत होती. मी घरी येऊन ओढ्याच्या कडेने प्लॅस्टिकचं कापड बांधलं. पहिल्या वादळात ते उडून शेजारच्या शेतात गेलं.

जुन्या बागेतलं एकच झाड त्या सावलीखाली जिवंत राहिलं होतं. खिडकीखालची पिओनी. दोन पानं, पिवळट. मी हिशेब केला की खिडकीखालचं बाबांना दिसणार नाही, ते खुर्ची वाटेच्या कडेला टाकून बसतात, तिथे डाव्या बाजूचं त्यांना दिसतं. म्हणून शरद ऋतूत मी ती खणून काढली आणि त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला लावली. थंडी लागू नये म्हणून चांगली खोल लावली, वर माती दाबली, जशी तू मला झोपवताना रजई दाबायचीस. पुढच्या वसंतात ती तरारून आली. मोठी, गडद पानं. बाबांनी खुर्चीतून हात लांब करून पानं चाचपली. "कळी आहे का?" "येईल." मे संपला, जून आला, कळी आली नाही. मग वाचलं की पिओनी खोल लावली की फुलत नाही. नुसती पानं येतात, वर्षानुवर्षं. आणि उपटून पुन्हा लावली तर त्या धक्क्यातून सावरायला तिला आणखी काही वर्षं लागतात. बाबांकडे काही वर्षं नव्हती. मी तिला तशीच राहू दिली.

एक गोष्ट मला समजत नव्हती. ओढ्याकडून बी उडतं हे ठीक. पण पुढच्या दारातल्या कुंड्यांत रोपं कशी, कोळशाच्या खोलीमागे कशी, रस्त्याकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात कशी? शेंग इतक्या लांब बी फेकत नाही. एका संध्याकाळी बाबांना जेवायला वाढताना मी हे बोलले. त्यांनी भाताचा घास तसाच धरला. "वाळू," म्हणाले.

"कसली वाळू?"

"गौर पाण्यात सोडली की तुझी आई ओढ्यातली मूठभर वाळू परत आणायची. घरात टाकायची, मग बागेत. चारी कोपऱ्यांत. घर भरलेलं राहावं म्हणून."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. वाटी तूच धरायचीस."

खरं होतं. आता आठवतं. स्टीलची वाटी, ओली गार वाळू, आणि तू पुढे चालतेस, मी मागे. तू चिमूट घेतेस आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी टाकतेस, गुलाबाच्या, हॉलीहॉकच्या, पिओनीच्या. मी मध्येच वाटी वाकडी करते आणि तू म्हणतेस, "अगं, सांडू नकोस, त्यात बरकत असते." त्यात बी असायचं. झाडं सोडताना पाण्याच्या कडेलाच शेंगा फुटायच्या, आणि तू तीच वाळू उचलायचीस. वर्षामागून वर्ष. आई, तुला त्या बागेत भरभराट हवी होती आणि ती तू स्वतःच्या हाताने पेरलीस. यात तुझी चूक म्हणावी असं काही नाही. मी खूप शोधलं. चूक सापडली असती तर निदान रागावता आलं असतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात तेरडा गेला. आता मला प्रत्येक कोपरा माहीत होता, आणि रोपं दुसऱ्या पानावर असतानाच मी एकेक वेचली, कुंड्या रिकाम्या केल्या, ओढ्याकाठी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पलीकडून आलेलंही काढलं. जूनमध्ये बाग पूर्ण स्वच्छ होती. काळी, भिजलेली माती, मधून जाणारी वाट, न फुललेली एक पिओनी, आणि मी नर्सरीतून आणून लावलेली काही फुलझाडं, ज्यांची बहुतेक पानं गोगलगायींनी खाल्ली होती. मी बाबांना खुर्चीत आणून बसवलं. फोटोतल्या त्याच जागेकडे तोंड करून. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पक्षी बघतो तशी. मी वाट पाहत उभी होते. मग ते म्हणाले, "छान दिसतंय." त्यांना काही दिसत नव्हतं. ते शेजारच्या कुंपणाकडे पाहत होते. आणि दिसलं असतं तरी पाहायला काय होतं? मी तीन वर्षांत एक बाग रिकामी केली होती. भरली नव्हती.

त्यानंतरचं थोडंच आहे. बाबा आणखी एक-दोन वर्षं होते, पुढे पुढे घरातच, रेडिओपाशी. ते गेले तेव्हा तू गेलीस तसंच बाहेर सगळं गोठलं होतं. घर घ्यायला आलेल्या जोडप्याला लहान मुलं आहेत. त्यांना लॉन हवं आहे. त्यातल्या बाईंनी विचारलं, "इथे काही लावलेलं आहे का, जपायला हवं असं?" मी म्हटलं, नाही.

पण तिसऱ्या वर्षाच्या त्या सप्टेंबरबद्दल सांगायचं राहिलं. लंडनजवळच्या पिनरहून मावशीचा फोन आला होता, गौरी कधी आहेत ते सांगायला. बाबांनी फोन ठेवला आणि विचारलं, "तेरडा आहे का?" मी म्हटलं, "नाही. सगळा काढला." "अच्छा," ते म्हणाले. "मग खड्यांची कर." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या शेंगा बोटांत फुटायच्या ना. तुझी आई चिडायची. म्हणायची, अहो, लहान आहात का तुम्ही." मी ओढ्यावर गेले आणि पलीकडे हाक मारली. बाई आल्या. मी एक फांदी मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाढवाला बाजूला केलं आणि पूर्ण झाडच मुळासकट उपटून ओढ्यावरून माझ्या हातात दिलं. मी ते दोन्ही हातांनी धरून, शेंगांना धक्का लागू न देता, वर आणलं. बाबा खुर्चीत होते, पिओनीशेजारी. पावलांची चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "कशाच्या पावलांनी आली?"  मी त्यांचा हात शेंगेवर ठेवला. ती फुटली. ते दचकले, मग हसले. दुसरी फोडली. तिसरी. एकेक चाचपून, सगळी पिकली होती ती त्यांनी फोडली, आणि बी त्या काळ्या, साफ मातीवर उडत राहिलं, पिओनीच्या पानांवर त्याचा बारीक आवाज येत होता. मी खुरपं हातात घेऊन उभी होते. खाली वाकून ते वेचता आलं असतं. बी मोठं असतं, काळपट, ओल्या मातीवरही दिसतं.

शेंगा संपल्या तेव्हा बाबांनी हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले. "पसारा केला मी," म्हणाले. "वेचलंस ना सगळं?"

मी "हो" म्हटलं. मी वेचलं नव्हतं. त्यांच्यासाठी किंवा तुझ्यासाठी म्हणून नाही. कशासाठी वेचायचं, हेच मला सुचत नव्हतं.